दुकानात बोलायचं कसं, वागायचं कसं: गिऱ्हाईक आणि काउंटरवाले, दोघांसाठी

दुकानातली बहुतेक भांडणं पैशावरनं सुरू झाल्यासारखी दिसतात, पण जरा खोदून बघितलं की कळतं, कुणीतरी काहीतरी वेळेत सांगितलेलंच नसतं. गिऱ्हाइकानं बजेट सांगितलेलं नसतं, काउंटरवाल्यानं "हे बदलून मिळणार नाही" हे बिल फाडायच्या आधी सांगितलेलं नसतं, आणि मग दोघंही घरी जाऊन एकमेकांना शिव्या घालतात. मी कापडाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढलीत, आता बाहेरच्या बाजूनं जातो, म्हणून दोन्हीकडचं लिहितोय. डोळ्यासमोर कोल्हापूरचा महाद्वार रोड, गुजरी म्हणजे सराफ बाजार, चप्पल लाईन, राजारामपुरी हे आहे, मॉलचं अधनंमधनं येईल.

१. घरातनं निघायच्या आधी

काय घ्यायचंय, कुणासाठी, किती नग आणि किती रुपयांपर्यंत, एवढं मोबाईलमध्ये लिहून घ्या. किरकोळ खरेदीला हे नसलं तरी चालतंय, पण लग्नाचा बस्ता असेल तर यादीशिवाय जाऊच नका. नवरीचा शालू, साखरपुड्याची, हळदीची, मग मानाच्या किती आणि नुसत्या आहेराच्या किती, असं वेगवेगळं लिहा, कारण मानाची साडी आणि आहेराची साडी यांच्या किमतीत लई फरक असतो आणि दुकानात ते मजल्याप्रमाणं किंवा काउंटरप्रमाणं वेगळं ठेवलेलं असतं. यादी नसली की आधी शालूच्या गादीवर दोन तास जातात आणि आहेराच्या साड्या संध्याकाळी घाईघाईत उचलल्या जातात, मग त्यातल्या निम्म्या बदलायला परत फेरी.

बस्त्याला बारा माणसं घेऊन जायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, पण शेवटचं "हो" कुणाचं ते घरीच ठरवा. नवरीला हिरवी आवडली, आत्याला मोरपंखी, सासूबाई गप्प, असं झालं की काउंटरवरच्या माणसाला कुणाच्या तोंडाकडं बघायचं ते कळत नाही. हे भांडण तो सोडवू शकत नाही आणि त्यानं सोडवायचंही नसतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी दुकान उघडल्यावर लगेच जाऊ नका, झाडलोट आणि पूजा होऊ दे, थोड्या वेळानं गेलात की माणसं ताजी असतात आणि गर्दी नसते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी आणि दिवाळीच्या आधीचे शनिवार-रविवार, या दिवसांत महाद्वार रोडला गाडी घेऊन जायचा विचारसुद्धा करू नका. त्या दिवसांत निवांत माल दाखवा म्हणणं म्हणजे समोरच्यावर अन्यायच आहे.

२. आत शिरल्यावर हाक कशी मारायची

"शुक शुक", टिचकी, "ए पोरा", "ओ हॅलो", हे सगळं बंद. दादा, भाऊ, ताई, मावशी, काहीही चालतंय. कोल्हापुरात अरे-तुरे आपुलकीचंच असतं हे मला मान्य आहे, "भावा, जरा ते दाखव की" यात कुणाला काही लागत नाही, पण त्यातला सूर बघा. मालकाला "अहो शेठ" आणि शेजारी उभ्या पोराला "ए, पाणी आण" असं एकाच दमात म्हटलं की त्या पोराला बरोबर कळतं त्याची किंमत किती केली ते. वयानं मोठा सेल्समन असेल, केस पिकलेले, तर त्याला अहो-जाहो करायलाच पाहिजे.

उलट बाजूनंही तेच. काउंटरवाल्यांनो, तिशीतल्या बाईला "काकू" म्हणू नका, पहिल्या वाक्यातच गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा. ताई म्हणा, कुठल्याही वयाला चालतं. वहिनी म्हणायचं असेल तर नवरा बरोबर आहे का ते तरी बघा.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल दाखवणं चालू असेल तर मध्ये घुसून "हे कितीला?" विचारायचं नाही. नुसतं "दादा, तुमचं झालं की बघा" एवढं सांगून थांबा. काउंटरवाल्यानं तेवढ्यात नजर देऊन "बसा, आलोच" म्हणायला पाहिजे. गिऱ्हाईक वीस मिनिटं थांबतं, पण आपल्याला कुणी बघितलंच नाही असं वाटलं की दोन मिनिटांत उठतं.

३. बजेट सांगा, खरं सांगा

"रेंज काय धरू?" असं विचारलं की बऱ्याच जणांना राग येतो, आपली लायकी काढली असं वाटतं. तसं नसतं. साडीच्या दुकानात हजाराच्या खालचा माल एका कप्प्यात, दोन-तीन हजारांचा दुसऱ्या कप्प्यात, सिल्क वरच्या मजल्यावर, त्यामुळं आकडा कळल्याशिवाय तो हात कुठं घालणार? दीड हजार असेल तर दीड हजार सांगा. लाजून "चांगल्यातलं दाखवा" म्हटलं की तो सहा हजारांचं काढतो, तुम्ही नाक मुरडता, मग चार, मग तीन, आणि शेवटी तुम्हाला पाहिजे होतं तिथं येईपर्यंत दोघांचाही उत्साह संपलेला असतो.

घ्यायचं नसेल तरी काही बिघडत नाही, फक्त तसं बोला. "लग्न मे महिन्यात आहे, आज नुसता अंदाज घ्यायला आलोय" म्हटलं की चांगला सेल्समन चार-पाच प्रकार दाखवतो, भाव सांगतो, कार्ड देतो. त्याला वाईट वाटत नाही. वाईट कधी वाटतं तर पन्नास साड्यांच्या घड्या मोडून झाल्यावर "बघू, येतो परत" ऐकल्यावर.

४. माल बघताना

साडीची घडी उघडणं सोपं आहे, परत तशीच घालणं नाही, विशेषतः सिल्कची, कारण घडी चुकली की जरीची तार दुमडते आणि तो पीस पुढं कुणी घेत नाही. म्हणून आवडली तरच उघडायला सांगा, आणि समोर पाच-सहा साठल्या की नकोत त्या लगेच "ह्या ठेवून द्या" म्हणून बाजूला काढा. त्यामुळं तुमचंही डोकं चालतं. अंगावर लावून बघायची असेल तर विचारून घ्या. फोटो काढायचा असेल तर तेही विचारा, बहुतेक दुकानदार हो म्हणतात, गावाकडं आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवायलाही हो म्हणतात. पण दुकानात कापड चाचपून, साईझ बघून, तिथंच उभं राहून मोबाईलवर तीच वस्तू ऑनलाईन मागवणं हे मला अजिबात पटत नाही. ऑनलाईन घ्या, खुशाल घ्या, पण त्या माणसाचा अर्धा तास खाऊन त्याच्याच डोळ्यादेखत नको.

चहा आला तर घ्या. चहा घेतला म्हणून खरेदी करायलाच पाहिजे असं काही नाही, ती दुकानाची पद्धत आहे.

चप्पल लाईनला गोष्ट वेगळी. चामड्याची कोल्हापुरी पहिल्यांदा घट्टच लागते, चावतेही, मग चामडं पायाप्रमाणं पसरतं, म्हणून सैल साईझ घेऊ नका आणि घट्ट लागली म्हणून त्या माणसाला खोटंही ठरवू नका. संध्याकाळी माप घ्या, दिवसभरानं पाय जरा सुजलेला असतो. घालून बघायची ती सतरंजीवर किंवा पुठ्ठ्यावर, रस्त्यावर फेरी मारली की तळाला खडे लागतात आणि तो जोड नवा म्हणून विकता येत नाही. अस्सल आहे का असं संशयानं विचारण्यापेक्षा "शिलाई दाखवा की" म्हणा, चामड्याच्याच वादीनं हातानं शिवलेली असते ती दाखवताना कारागीर माणूस खुलतो. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, म्हणजे बेळगाव भागातला जोड दाखवला तर "हे कोल्हापुरी नव्हेच" म्हणून भांडत बसू नका. २०२५ ला इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि गाजावाजा झाला, त्यानंतर लोक भाव करताना "परदेशात लाखाला विकतात म्हणे" असं तोंडानं म्हणतात आणि इथं मात्र शंभर रुपये तोडतात, याला काय म्हणायचं.

गुजरीत एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकते. एक दागिना परत ठेवल्याशिवाय दुसरा हातात देत नाहीत, किंवा ट्रेमधले नग मोजतात. हा संशय नव्हे, रोजचा नियम आहे, आणि काही दुकानांत नग कमी भरला की त्या काउंटरच्या पोराला जाब द्यावा लागतो. तुम्ही मात्र चार गोष्टी न लाजता विचारा: आजचा दर काय, मजुरी किती आणि कशावर, वजन किती, आणि खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलंय का. जीएसटी ३ टक्के धरा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, असायलाच पाहिजे, तो भिंगातनं दाखवा म्हणा आणि बीआयएस केअर ॲपवर घालून बघा. साज घ्या नाहीतर साधं वेढणं, हे विचारल्यावर चिडणारा सराफ सोडून दुसरीकडं जावा. जुनं सोनं मोडायचं असेल तर मोडीचा दर आणि तूट आधी, नव्या दागिन्याकडं नंतर बघा.

५. घासाघीस

फिक्स रेटचा बोर्ड असेल तर एकदा "काही कमी होतंय का?" विचारायला हरकत नाही, नाही म्हटलं की विषय संपला. काउंटरवरच्या पोराला भाव कमी करायचा अधिकारच नसतो हे लक्षात ठेवा, त्याला दहा वेळा पीळ देण्यापेक्षा "मालकांना विचारून सांगा" म्हणा. तोही सुटतो, तुम्हीही.

जिथं घासाघीस चालते तिथं करायची, मजा आहे त्यात. फक्त दोन गोष्टी. घ्यायचं नसेल तर भाव करायचा नाही. आणि तुम्ही म्हणालात तो आकडा समोरच्यानं कबूल केला तर घ्यायचं, मग "जरा पुढं बघून येतो" म्हणून निघून जायचं नाही, गिऱ्हाईक म्हणून आपला शब्द असतोय की काहीतरी. सकाळी बोहनीच्या वेळी तर हे जास्तच पाळा, पहिलंच गिऱ्हाईक भाव करून रिकामं गेलं की लोक दिवसभर मनाला लावून घेतात, श्रद्धा म्हणा नाहीतर सवय. मालाची निंदा करून भाव पाडू नका. "हे तर रबराचं वाटतंय" यापेक्षा "मला एवढं परवडतंय, बसतंय का बघा" यानं जास्त काम होतं.

६. नाही कसं म्हणायचं

"नाही आवडलं, पण धन्यवाद, वेळ दिलात." झालं. कारणं द्यायची गरज नाही. आपल्याकडं नाही म्हणायची लाज वाटते म्हणून लोक "एटीएमला जाऊन येतो", "मिस्टरांना घेऊन येतो", "गाडी चुकीची लावलीय" असलं काहीतरी सांगतात, आणि तो बिचारा माल बाजूला काढून ठेवतो. बाजूला काढलेला पीस संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला दाखवत नाहीत, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

७. बिल करताना

पक्कं बिल मागा. मागितल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याला शांतपणे सांगा की बिल न देणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापार प्रथेत येतं. "बिल पाहिजे असेल तर जीएसटी वर लागेल" हे एमआरपी छापलेल्या वस्तूला चालत नाही, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. तसंच थंड बाटलीला "फ्रिजचे दोन रुपये" हेही नाही. तिथं उभ्या पोराशी भांडू नका, त्याला मालकानं सांगितलंय तेवढं तो घेतो, मालकाला विचारा, नाहीच ऐकलं तर वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) खात्याकडं तक्रार करता येते.

मॉलमध्ये किंवा ब्रँडच्या शोरूमला मोबाईल नंबर मागतात. नको असेल तर "नंबर न देता बिल करा" एवढं म्हणा, २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडवू नका. पण कॅशियर मुलीवर डाफरू नका, तिच्या स्क्रीनवर तो रकाना असतो आणि वरनं तिला नंबर गोळा करायला सांगितलेलं असतं.

यूपीआय केलं की स्पीकर बोलेपर्यंत थांबा किंवा स्क्रीन दाखवा, "झालं झालं" म्हणून चालू पडू नका. नेट गेलं तर दोघांनीही जरा दम धरा. आणि दुकानदारांनो, सुट्ट्याऐवजी चॉकलेट देणं बंद करा, तेच चॉकलेट गिऱ्हाइकानं परत दिलं तर तुम्ही पैसे म्हणून घेता का?

८. बदलायला, परत द्यायला

इथंच सगळ्यात जास्त वाजतं, म्हणून नीट वाचा. दोन प्रकार वेगळे ठेवा.

एक, माल खराब निघाला. शिलाई उसवली, मिक्सर चालूच होत नाही, साडीला आत डाग किंवा भोक. हे दुकानदारानं घ्यायलाच पाहिजे. बिलावर जी मुदत लिहिलीय त्या मुदतीत, आणि बिलावर काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत, खराब माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेसुद्धा त्याच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलंय. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी खराब मालाला लागू होत नाही, कितीही मोठ्या अक्षरात असली तरी.

दोन, माल चांगला आहे पण रंग आवडला नाही, साईझ बसली नाही, जावेनं नाक मुरडलं. इथं तुमचा हक्क नसतो, दुकानदाराची मर्जी असते. आणि मर्जी आहे म्हटल्यावर बोलण्याची पद्धतही तशीच पाहिजे. टॅग काढू नका, बिल ठेवा, पावडर-अत्तराचा वास लागू देऊ नका, एकदा नेसून कार्यक्रम उरकून मग "आवडली नाही" म्हणून आणू नका, घडीकडं बघूनच आतल्या माणसाला कळतं. सकाळच्या वेळी जावा, गर्दीत नको. वाक्य असं: "परवा ही नेली होती, बिल आहे, बदलून मिळाली तर बरं होईल." पैसे परत मागण्याआधी बदल मागा.

काउंटरवाल्यांचं काम बिल करायच्या आधीचं आहे. कटपीस, सेलचा माल, आतले कपडे, जे काही परत घेत नाही ते तोंडानं सांगा, पाटीवर सोडू नका. "ताई, हे सेलचं आहे, बदलून मिळणार नाही, एकदा खोलून बघून घ्या" एवढं बोललात तर महिन्यातली निम्मी भांडणं वाचतील.

काउंटरच्या आतल्यांसाठी अजून थोडं

कपड्यावरनं माणूस जोखू नका. हे सगळीकडंच खरं पण आपल्या जिल्ह्यात तर फारच. उसाचं बिल जमा झालं की धुळीनं भरलेल्या चपला, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल असा माणूस गुजरीत येतो आणि पाच तोळं घेऊन जातो, आणि त्याला दारात अडवून "काय पाहिजे?" विचारणाऱ्या दुकानाकडं तो परत बघतही नाही, गावातल्या दहा घरांनाही सांगतो.

अंगावरनं बोलू नका. "तुमच्या मापात नाही येणार" यापेक्षा "या डिझाईनमध्ये मोठी साईझ संपलीय, ही बघा". रंगावरनं तर काहीच बोलू नका, "गोऱ्या रंगाला उठून दिसेल" हे ऐकून किती बायका उठून जातात ते मी आतनं बघितलंय. पाठोपाठ फिरू नका, दोन पावलं लांब थांबा. जे नाही ते नाही म्हणा, वर शेजारच्या कुठल्या दुकानात मिळेल ते सांगा, असं सांगणाऱ्याकडं गिऱ्हाईक पुढच्या वेळी आधी येतं.

मालकांसाठी एक. गिऱ्हाइकासमोर पोराला झापू नका. आणि बसायला स्टूल द्या. केरळनं २०१८ ला आणि तमिळनाडूनं २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदाच केला, आपल्याकडं तेवढी वाट कशाला बघायची? दहा तास उभं राहिलेल्या बाईकडनं रात्री आठ वाजता हसतमुख सेवा मागणं जरा अतिच आहे. गिऱ्हाइकांनीही शटर अर्धं खाली आल्यावर "फक्त पाच मिनिटं" म्हणून वाकून आत जाऊ नये, त्या मुलींना शेवटची केएमटी (शहर बस) किंवा गावची एसटी गाठायची असते.

वाद झालाच तर

आधी काउंटरवाला, मग मालक, आणि बाजूला घेऊन, इतर गिऱ्हाइकांसमोर नको, कारण चारचौघांत मालक मागं हटत नाही. बिल आणि वस्तूचा फोटो जवळ ठेवा. काय पाहिजे ते एका वाक्यात सांगा, बदल की दुरुस्ती की पैसे. नाही जमलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. तिथंही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथं चालतात, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे.

गुगलवर रिव्ह्यू लिहायचा तर दुकानाबद्दल लिहा, घडलं तेवढंच लिहा. काउंटरच्या मुलीचा फोटो किंवा नाव टाकून तिला बदनाम करू नका, निर्णय तिचा नसतो. तिनं चांगली मदत केली असेल तर मात्र जाताना गल्ल्यावर मालकाला नाव घेऊन सांगा, पगारवाढीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.